एक रुपयाचा रतीब

‘फक्त १ रुपयात ७ दिवस’ अशी जाहिरात बघून माणूस अ‍ॅप घेतो, यूपीआयचा पिन टाकतो आणि आठव्या दिवशी खात्यातून २९९ किंवा ४९९ रुपये गेल्याचा मेसेज येतो. मग घरोघरी तोच संवाद होतो. मुलगी म्हणते, ‘‘बाबा, पिन टाकण्याआधी वाचायचं तरी!’’ बाबा म्हणतात, ‘‘ते ऑटोपे का काय ते, सगळंच बंद करून टाक.’’ सार्वजनिक चर्चाही याच दोन वाक्यांत अडकून पडली आहे. एक बाजू सगळा दोष ग्राहकाच्या निष्काळजीपणाला देते, दुसरी बाजू पैसे आपोआप वळते करण्याच्या सोयीलाच गुन्हेगार ठरवते. दोन्ही बाजू चुकीच्या जागी बोट ठेवतात. खरा दोष असा की, संमती घेतली जाते एका रुपयासाठी आणि वापरली जाते पुढच्या प्रत्येक महिन्याच्या पूर्ण किमतीसाठी. म्हणून त्या सात दिवसांच्या चाचणीची मुदत संपल्यावर जी पहिली पूर्ण रक्कम जाणार, तिच्यासाठी ग्राहकाचा पिन पुन्हा घेतलाच पाहिजे, आणि त्याने तो दिला नाही तर वर्गणी तिथेच संपली पाहिजे, अशी माझी ठाम मागणी आहे.

हे का म्हणतो ते कळायला ऑटोपेच्या आत काय चालते ते बघावे लागेल. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय ऑटोपे जुलै २०२० मध्ये आणले. त्यात ग्राहक जे देतो त्याला मॅन्डेट म्हणतात. बँकेला दिलेला हा चालू हुकूम असतो. पैसे कोणाला द्यायचे, एका वेळी जास्तीत जास्त किती, किती दिवसांनी (रोज, आठवड्याला, महिन्याला, तिमाहीला, वर्षाला किंवा मागतील तेव्हा) आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे सगळे त्या एका हुकुमात येते. चाचणीच्या वेळी हा पूर्ण हुकूम आणि एक रुपयाचा भरणा एकाच पिनवर उरकला जातो. डोळ्यांत भरते ती रक्कम १ रुपया. ‘४९९ रुपयांपर्यंत, दर महिन्याला’ ही ओळ बारीक अक्षरांत खाली, आणि मुदतीची तारीख कित्येक वर्षांपुढची. रक्कम बदलती असेल तर तिची कमाल मर्यादा ग्राहकाने ठरवायची, अशी रिझर्व्ह बँकेच्या नियमामागची कल्पना आहे. प्रत्यक्षात तो आकडा आधीच भरून येतो आणि ग्राहकाच्या हाती ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उरते.

रिझर्व्ह बँकेने ही चौकट २१ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने आधी कार्डांसाठी घातली आणि जानेवारी २०२० मध्ये यूपीआयलाही लावली. मॅन्डेट नोंदवताना आणि पहिल्या व्यवहाराला ओटीपी किंवा पिन हवाच. त्यानंतरच्या व्यवहारांना ठरावीक रकमेपर्यंत नको. ती रक्कम सुरुवातीला २,००० रुपये होती, जानेवारी २०२१ पासून ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,०००. पहिल्या व्यवहाराला पिन मागण्यामागचा हेतू उघड आहे: पैसे पहिल्यांदा जाताना माणूस जागा असावा. पण एक रुपयाच्या चाचणीत ‘पहिला व्यवहार’ म्हणजेच तो एक रुपया. नियमाने दिलेले सगळे संरक्षण त्या एका रुपयावर खर्च होऊन जाते आणि ४९९ रुपयांचा खरा पहिला व्यवहार ‘दुसरा’ म्हणून विनापिन पुढे सरकतो. नियम अक्षरशः पाळला जातो आणि त्याचा हेतू मात्र पूर्ण हुकतो. वाचून पिन टाकणाऱ्यालाही सात दिवसांनंतरचा आपला निर्णय आजच देऊन टाकावा लागतो. वस्तू चाखून बघण्याआधीच ‘आवडली, घेतो’ असे लिहून द्यायचे असेल, तर तिला चाचणी का म्हणायचे?

विरुद्ध बाजूचे मुद्दे पोकळ नाहीत. आवर्ती भरण्याची सोय गरजेची आहे, हे पहिले. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी, विजेचे बिल, वर्तमानपत्राची डिजिटल वर्गणी यांच्यासाठी दर महिन्याला पिन मागत बसलो तर विसराळूपणाची किंमत उलट बाजूने मोजावी लागेल, आणि बंद पडलेली विमा पॉलिसी ४९९ रुपयांपेक्षा फार महाग पडते. १ ऑक्टोबर २०२१ पासून नवी चौकट सक्तीची झाली तेव्हा कार्डांवरच्या अनेक जुन्या वर्गण्या एकदम अडल्या होत्या. दुसरा मुद्दा छोट्या व्यावसायिकाचा. मराठीत अभ्यासाचे किंवा ऑडिओ पुस्तकांचे अ‍ॅप चालवणाऱ्याला चाचणी द्यावीच लागते, आणि खाते जोडून घेतले नाही तर दर आठवड्याला नवा ईमेल काढून फुकट ऐकणारेही भेटतात. तिसरा मुद्दा सगळ्यांत जड आहे: प्रौढ माणसाने स्वतःच्या सहीची जबाबदारी घ्यायची नाही, तर करार नावाची गोष्ट टिकेल कशी?

यातल्या पहिल्या दोन मुद्द्यांना माझ्या मागणीचा धक्काही लागत नाही. विम्याच्या हप्त्यात आणि विजेच्या बिलात चाचणी नसते. तिथे आजची पद्धत जशी आहे तशी राहू दे. छोट्या व्यावसायिकाने खाते जोडून घ्यावे, एक रुपया कापून माणूस खरा असल्याची खात्रीही करावी. मुदत संपताना ‘पुढे चालू ठेवायचे का?’ एवढे विचारायला त्याला अडचण कसली? ज्याचा माल चांगला आहे त्याला ‘हो’ मिळेल. जिथे विचारताच माणसे निघून जातात, तिथला महसूल मालाचा नव्हता, विसरण्याचा होता. समजा एक लाख माणसांनी एक रुपया भरला आणि लक्षात येईपर्यंत प्रत्येकाचे २९९ रुपये दोनदा गेले. ही रक्कम ५ कोटी ९८ लाख होते. यातल्या एकालाही वकील परवडत नाही. तक्रारीसाठी कामावरची अर्धी सुट्टी घ्यावी लागली तरी तोटाच. धंद्याचे गणित नेमके या किरकोळपणावर उभे राहते.

तिसऱ्या मुद्द्याला, म्हणजे सहीच्या जबाबदारीला, या मातीत एक जुने उत्तर आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात, सुपे इथे, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना सगळ्यांत आधी हवे होते ते कर्जरोखे. हाती आले ते त्यांनी जाळले. त्या रोख्यांवर कुळांच्या, म्हणजे कर्जदार शेतकऱ्यांच्या, खुणा आणि अंगठे होतेच. कायद्याच्या नजरेत संमती पूर्ण होती. कागदात काय लिहिले आहे, आधीची परतफेड वजा झाली आहे की नाही, नव्या रोख्यात जुने व्याज मुद्दल म्हणून शिरले आहे का, हे मात्र अंगठा उठवणाऱ्याला कळत नसे आणि दिवाणी कोर्ट ते विचारत नसे. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. ‘शेतकऱ्यांनो, वाचायला शिका’ एवढे सांगून तो कायदा थांबला नाही. त्याने कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासायला सांगितले, शेतकऱ्याचे दस्त गाव-निबंधकासमोर व्हावेत असे ठरवले, आणि पावती, वार्षिक हिशेब, पासबुक मागण्याचा हक्क कुळाला दिला. कागद तयार करणाऱ्याला सगळे माहीत असते आणि सही करणाऱ्याला थोडेच. ही दरी जिथे पडते तिथे सही पुरेशी मानायची नसते, हे तत्त्व महाराष्ट्रात जवळपास दीडशे वर्षांपूर्वी कायद्यात उतरले आहे. त्याने करार नावाची गोष्ट बुडाली नाही. त्या कायद्याची दुसरी बाजूही सांगायला हवी: गहाणखतावर नजर पडताच पुष्कळ सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायला सुरुवात केली. नियमाने एक दार लावले की व्यवहार शेजारच्या दाराने जातो. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

‘पण आगाऊ सूचना जाते ना!’ हा युक्तिवाद बँका आणि अ‍ॅपवाले दोघेही करतात. जाते, हे खरे. पैसे वळते होण्याच्या किमान २४ तास आधी व्यापाऱ्याचे नाव, रक्कम, तारीख आणि कारण कळवावे, असा नियमच आहे, आणि तो चांगला आहे. आता ती सूचना कशी पोहोचते ते बघा. ती बहुधा इंग्रजीत असते. व्यापारी म्हणून जे नाव येते ते अनेकदा अ‍ॅपचे नसते. त्यामागच्या खासगी कंपनीचे किंवा पैसे वसूल करून देणाऱ्या मध्यस्थाचे असते, आणि ग्राहकाने ते कधी ऐकलेलेही नसते. हा मेसेज ओटीपी, कर्जाची आमिषे, रिचार्जची आठवण आणि कुरिअरच्या नोंदी यांच्या गर्दीत येऊन पडतो. सकाळी शेतावर किंवा लोकलमध्ये असलेला माणूस रात्री तो उघडेपर्यंत निम्मे २४ तास संपलेले असतात. शिवाय या सूचनेत गप्प राहिले की ‘हो’ असेच धरले जाते. वाचले नाही तरी हो, कळले नाही तरी हो, माणूस आजारी असला तरी हो. मौनाला होकार मानायचे असेल तर निदान प्रश्न तरी त्याला कळेल असा विचारलेला हवा.

बाहेर पडण्याची वाट याहून बिकट आहे. बहुतेक लोक पहिली चूक इथेच करतात: अ‍ॅप फोनमधून काढून टाकतात आणि निर्धास्त होतात. अ‍ॅप काढल्याने मॅन्डेटला काहीही होत नाही, कारण ते फोनमध्ये नसतेच. बँकेकडे आणि यूपीआयच्या यंत्रणेत नोंदलेले असते. वर्गणी तीन वेगवेगळ्या जागी असू शकते आणि तिन्ही तपासाव्या लागतात. अ‍ॅपमधले स्वतःचे वर्गणीचे पान, ही पहिली. दुसरी जागा अ‍ॅप स्टोअर: अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून वरच्या आपल्या चित्रावर टिचकी मारायची, मग पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स आणि तिथून सबस्क्रिप्शन्स, आयफोनवर सेटिंग्जमध्ये सर्वांत वर आपले नाव आणि त्याखाली सबस्क्रिप्शन्स. आयफोनवरची चाचणी मुदत संपायच्या २४ तास आधी रद्द करावी लागते, शेवटच्या रात्रीवर ठेवून चालत नाही. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची जागा यूपीआय अ‍ॅपमधली: ज्या अ‍ॅपमधून पिन दिला त्यातच आधी बघायचे, प्रोफाइलमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट अशा नावाचा भाग असतो. तिथे पॉज आणि कॅन्सल असे दोन पर्याय दिसले तर पॉज दाबून थांबू नये. तो तात्पुरता विसावा आहे, मॅन्डेट जिवंतच राहते. कॅन्सल केले की पिन मागितला जातो, आणि तो दिल्यावर मॅन्डेट मोडते. त्या पानावर मॅन्डेटचा स्वतंत्र क्रमांक, म्हणजे यूएमएन, असतो. त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा, तक्रारीत तोच उपयोगी पडतो.

कार्ड दिले असेल तर बँकेच्या नेट बँकिंगमध्ये ई-मॅन्डेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन शोधायचे. परदेशी संकेतस्थळाला कार्ड दिले असेल तर धोका निराळा. परदेशी व्यापारी कार्डावर ओटीपीशिवायही रक्कम उचलू शकतो, आणि प्रत्येक रक्कम सुटा व्यवहार म्हणून आली तर आपल्याकडची आवर्ती भरण्याची चौकट तिथे लागतच नाही. यावर साधा उपाय आहे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशामुळे प्रत्येक कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू-बंद करण्याचे बटण बँकेला द्यावे लागते. गरज नसेल तेव्हा ते बंद ठेवावे.

हे सगळे इतक्या बारकाईने लिहिले, कारण ‘वाचायला काय झालं होतं’ असे म्हणणाऱ्यांनी आत जाण्याच्या आणि बाहेर येण्याच्या पायऱ्या एकदा मोजून पाहाव्यात. आत जायला एक बटण आणि एक पिन. बाहेर यायला तीन जागा, अनेक पडदे आणि इंग्रजी शब्दांची ओळख. घरी दुधाचा रतीब लावणे आणि बंद करणे या दोन्हीला एकच वाक्य पुरते: ‘उद्यापासून नको.’ नियतकालिकाचा अंक व्ही.पी.ने आला तर पोस्टमन दारात उभा असतानाच ठरवायचे, पैसे देऊन अंक सोडवून घ्यायचा की परत पाठवायचा. पैसे जाण्याचा क्षण आणि निर्णयाचा क्षण तिथे एकच असतो. जर्मनीने जुलै २०२२ पासून ऑनलाइन करार करणाऱ्या व्यापाऱ्यांना ठळक रद्द-बटण ठेवणे सक्तीचे केले आहे, आणि ते वापरायला खात्यात शिरावेही लागत नाही. अमेरिकेत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाच्या प्राइम सदस्यत्वाबाबतच्या खटल्यात अ‍ॅमेझॉनने सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलर्सची तडजोड मान्य केली. लोकांना नकळत सदस्य करून घेणे आणि बाहेर पडणे मुद्दाम अवघड करणे, असे दोन्ही आरोप त्यात होते. शिकलेला, इंग्रजी मातृभाषा असलेला ग्राहकही अडकतो, हे त्यातून दिसते. मग आपल्याकडच्या निवृत्त शिक्षिकेला बोल लावणे कितपत न्याय्य?

भारतात हा प्रश्न एकदा येऊन गेला आहे आणि सुटलाही आहे. हॅलो ट्यून, राशिभविष्य, क्रिकेटचे अलर्ट अशा सेवा मोबाइलवर नकळत सुरू होऊन शिलकीतून पैसे जात होते, ते दिवस पुष्कळांना आठवत असतील. तेव्हाही हाच उपदेश होता की बटण दाबण्याआधी बघायचे. ट्राय या दूरसंचार नियामकाने उपदेशावर न थांबता २०११ मध्ये आणि मग जुलै २०१३ मध्ये निर्देश काढले: सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दुहेरी संमती घ्या, दुसरी संमती सेवा विकणाऱ्याच्या हातात नसलेल्या यंत्रणेमार्फत घ्या, आणि सेवा बंद करायला १५५२२३ हा एकच मोफत क्रमांक सगळ्या कंपन्यांसाठी ठेवा. दुसऱ्यांदा विचारण्याने टेलिकॉम उद्योग बुडाला का? मास्टरकार्डनेही २०१९ मध्ये प्रत्यक्ष वस्तूंच्या चाचण्यांसाठी, म्हणजे ‘फक्त टपालखर्च भरा’ म्हणून येणारी क्रीम आणि गोळ्या यांच्यासाठी, व्यापाऱ्यांवर अट घातली की चाचणी संपल्यावर रक्कम लावण्याआधी ग्राहकाची मंजुरी घ्यावी लागेल. मी मागतो आहे ती गोष्ट एका जागतिक कार्ड कंपनीने स्वतःच्या धंद्यात बसवून दाखवली आहे. नेटफ्लिक्सने मे २०२० मध्ये जाहीर केले की दीर्घकाळ काहीच न पाहणाऱ्या सदस्यांना विचारू, आणि उत्तर आले नाही तर त्यांची वर्गणी आपणच थांबवू. म्हणजे कोण वापरतो आणि कोण नुसता भरतो, हे कंपनीला कळू शकते. प्रश्न फक्त इच्छेचा राहतो.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न्स’, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पडद्यावरच्या रचना, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यात १३ प्रकार आहेत आणि वर्गणीचा सापळा हा त्यांतला एक. रद्द करणे अवघड करणे, रद्द करण्याचा पर्याय लपवणे, सूचना गोंधळात टाकणाऱ्या ठेवणे, आणि मोफत वर्गणीसाठी पैशांचा तपशील किंवा ऑटोपेची मंजुरी सक्तीने मागणे, हे सगळे त्यात मोडते. ‘मोफत’ या शब्दापाशी थांबा. एक रुपया घेतला की ‘आमची वर्गणी मोफत नाहीच’ असा बचाव करायला जागा मिळते. गहाणखताच्या शेजारचे खरेदीखताचे दार ते हेच. या व्याख्येत ‘मोफत किंवा नाममात्र दराची’ एवढी दुरुस्ती तातडीने व्हायला हवी.

पैसे गेलेच तर? बँकेत गेल्यावर उत्तर मिळते की पिन तुम्हीच दिला होता, त्यामुळे व्यवहार अधिकृत आहे. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारा रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम इथे फारसा कामी येत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. नाहीतर आठवडे बँकेच्या खेपांत जातात. आधी मॅन्डेट मोडायचे, म्हणजे पुढची गळती थांबते. मग जाहिरातीचे, पिनच्या पडद्याचे आणि पैसे गेल्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट जोडून कंपनीला लेखी परतावा मागायचा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे: पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, २०१९ च्या कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. २९९ रुपयांसाठी कोणी आयोगात जाणार नाही, हेही खरे. म्हणूनच हा भार एकेकट्या ग्राहकावर टाकू नये. केंद्रीय प्राधिकरणाला अनुचित प्रथा बंद करण्याचा आणि ग्राहकांना पैसे परत द्यायला लावण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. एकाच अ‍ॅपविरुद्ध १९१५ वर तक्रारींचा ढीग पडला, तर प्रत्येक तक्रारदाराची वाट न बघता प्राधिकरणाने त्या अ‍ॅपच्या चाचणीतून वळलेल्या सगळ्या पहिल्या रकमा परत करायला लावाव्यात.

रिझर्व्ह बँकेला यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. पहिल्या व्यवहाराला पिन हवा, हे चौकटीत आहेच. त्यात एवढेच जोडायचे की चाचणीची किंवा नाममात्र रक्कम ‘पहिला व्यवहार’ धरली जाणार नाही. पूर्ण किमतीची पहिली रक्कम हाच पहिला व्यवहार. पिनची ती मागणी ग्राहकाच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये, त्याने निवडलेल्या भाषेत, जाहिरातीत दिसणाऱ्या अ‍ॅपच्याच नावाने आणि पूर्ण रकमेच्या ठळक आकड्यासह यावी. सात दिवसांत उत्तर आले नाही तर मॅन्डेट आपोआप मोडावे.